लाँग मेलफर्ड येथील होली ट्रिनिटी चर्च

इंग्लंडमधील एक मध्ययुगीन पॅरिश चर्च. ते सफक परगण्यात, स्टौर नदीच्या खोऱ्यातील लाँग मेलफर्ड या गावी, सडबरी शहराच्या उत्तरेस सु. ५ किमी. अंतरावर आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रैक्यास ते समर्पित असून त्याची आजची वास्तू मुख्यत्वे १४६७ ते १४९७ या तीस वर्षांत उभी राहिली. इंग्लिश गॉथिक वास्तुकलेच्या ‘पर्पेंडिक्युलर’ या अखेरच्या शैलीचा हा एक श्रेष्ठ नमुना मानला जातो. तथापि या वास्तूचे महत्त्व केवळ शैलीपुरते मर्यादित नाही. आपल्या मृत्यूनंतर लोकांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी, या अपेक्षेने ज्यांनी ती बांधविली, त्यांची नावे तिच्या बाह्यभिंतींवर कोरलेली आहेत. वास्तू पूर्ण झाल्यावर जेमतेम पन्नास वर्षांत ती प्रार्थनाच कायद्याने बंद झाली; नावे मात्र राहिली. त्यामुळे मध्ययुगीन इंग्लंडमधील सामान्य धर्मजीवन आणि धर्मसुधारणेने त्यात घडविलेला बदल या दोहोंचा पुरावा या एकाच ठिकाणी वाचता येतो.

पॅरिश व तिचे चर्च : पॅरिश म्हणजे एका धर्मोपदेशकाच्या अधिकारातील स्थानिक धर्मविभाग. मध्ययुगात इंग्लंडमध्ये असे सु. ९,००० विभाग होते. पॅरिशमधील प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा दशमांश चर्चला द्यावा, तेथेच बाप्तिस्मा घ्यावा, विवाह करावा व तेथल्याच आवारात त्याचे दफन व्हावे, असा नियम होता. चर्चवास्तूच्या देखभालीची विभागणीही रूढीने ठरलेली होती. मुख्य वेदी असलेल्या पूर्वेकडील भागाची, म्हणजे चॅन्सेलची, जबाबदारी रेक्टरकडे म्हणजे मुख्य धर्मोपदेशकाकडे असे. तर उपासकांनी उभे राहावयाच्या मध्यवीथीची जबाबदारी पॅरिशमधील रहिवाशांवर असे. हे काम त्यांनी निवडलेले चर्च-वॉर्डन पाहत व त्याचा जमाखर्चही ठेवीत. कॅथीड्रल हे बिशपचे आणि मठ हा संन्याशांचा. पॅरिश चर्च मात्र या अर्थाने गावकऱ्यांच्या मालकीची वास्तू होती. गाव सधन झाले, की चर्च वाढे. गाव खालावले, की त्याचे छप्पर गळू लागे.

पूर्वेतिहास : मेलफर्डचे चर्च अकराव्या शतकातील एडवर्ड द कन्फेसर (कार. १०४२–६६) याच्या काळापासून अस्तित्वात असल्याचे दिसते. गावाची जहागीर व चर्चचे आश्रयदातृत्व ही दोन्ही सु. २० किमी.वरील बरी सेंट एडमंड्झ येथील बेनेडिक्टाइन मठाकडे होती. या पहिल्या चर्चचे वर्णन उपलब्ध नाही. मधल्या काळात झालेल्या बांधकामांपैकी मध्यवीथीच्या पश्चिमेकडील पाच गाळ्यांतील कमानपंक्ती तेवढी आजच्या वास्तूत सामावलेली असल्याचे मानतात.

पंधराव्या शतकात सफक परगण्याचा दक्षिण भाग लोकरी कापडाच्या उद्योगामुळे भरभराटीस आला. इंग्लंड पूर्वी कच्ची लोकर फ्लँडर्सला निर्यात करीत असे. पुढे विणलेले कापड हीच त्याची मुख्य निर्यात ठरली. लाँग मेलफर्ड, लॅव्हनम, सडबरी इ. गावांतील कापड-व्यापारी लोकर विकत घेत, ती सूत कातणाऱ्या स्त्रियांकडे व विणकरांकडे त्यांच्या घरी पोहोचवीत आणि तयार कापड रंगवून लंडनच्या बाजारात पाठवीत. या व्यापारातील नफ्यातून जी भव्य चर्चे उभी राहिली, त्यांना इंग्लंडमध्ये ‘लोकर-चर्चे’ म्हणतात. सफकमधील लॅव्हनम आणि कॉट्सवोल्ड टेकड्यांमधील नॉर्थलीच, चिपिंग कॅम्डन व फेअरफर्ड येथील चर्चे याच प्रकारची होत.

पुनर्बांधणीचा प्रमुख प्रवर्तक जॉन क्लॉप्टन (मृ. १४९७) हा होता. गावाजवळच्या केंटवेल हॉलचे हे सधन घराणे. गुलाबांच्या युद्धात (१४५५–८५) जॉन लँकेस्टर पक्षाचा पाठीराखा होता. १४६२ मध्ये ऑक्सफर्डचा बारावा अर्ल जॉन द व्हिअर याच्यासह राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैद करण्यात आले. अर्ल व त्याचे इतर सोबती यांचा शिरच्छेद झाला. क्लॉप्टन मात्र सुटला व त्यानंतर पस्तीस वर्षे जगला. त्याच्या सुटकेनंतर पाचेक वर्षांतच चर्चच्या कामास आरंभ झाला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध सिद्ध करता येत नाही. परंतु मृत्यूला इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने पुढील सारे आयुष्य आपल्या समाधीभोवतीची वास्तू उभारण्यात वेचावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वास्तुरचना : चर्चची मध्यवीथी नऊ गाळ्यांची असून तिची लांबी सु. ४६·५ मी. (१५२½ फूट) आहे. इंग्लंडमधील पॅरिश चर्चांत ही मध्यवीथी सर्वांत लांब असल्याचे मानले जाते. मध्यवीथी व चॅन्सेल यांच्या दरम्यान सामान्यतः असणारी मोठी कमान येथे नाही. त्यामुळे पश्चिमेकडील दारातून आत येणाऱ्याची नजर अखंड छताखालून थेट पूर्वेच्या मोठ्या खिडकीपर्यंत पोहोचते. आज हे दृश्य एकसंध भासत असले, तरी मध्ययुगात ते तसे नव्हते. दोन्ही भागांच्या सीमेवर एक उंच, नक्षीदार लाकडी पडदी होती व तिच्या माथ्यावरील सज्जात क्रूसावरील ख्रिस्ताची मोठी मूर्ती उभी होती. ती पडदी पुढे नष्ट झाली. अखंड अवकाशाचा आजचा परिणाम काही अंशी या विध्वंसाचे फळ आहे.

पर्पेंडिक्युलर शैलीत उभ्या रेषांना प्राधान्य असते. खिडक्यांतील दगडी दांडे तळापासून कमानीपर्यंत सरळ चढत जातात व भिंतीचा पृष्ठभाग आयताकृती चौकटींत विभागला जातो. येथे कमानपंक्तीच्या वरच्या बाजूस खिडक्यांची एक सलग रांग (क्लिअरस्टोरी) असून त्या खिडक्यांचे दांडे खालच्या भरीव भिंतीवरही उठावाच्या जाळीकामाच्या रूपाने उतरविले आहेत. त्यामुळे कमानीपासून छतापर्यंतची भिंत म्हणजे जणू एकच मोठी खिडकी वाटते. कमानी उंच व सडपातळ आहेत. खालच्या व वरच्या अशा दुहेरी खिडक्यांतून येणारा प्रकाश हेच या वास्तूचे मुख्य अलंकरण होय.

सफकमध्ये इमारती दगडाची वानवा आहे. तेथील चुनखडीच्या थरांत सापडते ती फ्लिंट, म्हणजे चकमकीची गारगोटी. या अडचणीतून पूर्व इंग्लंडच्या गवंड्यांनी एक स्वतंत्र तंत्र विकसित केले. काळसर फ्लिंटचे खडे फोडून त्यांची सपाट बाजू दर्शनी ठेवावयाची व बाहेरून आणलेल्या फिकट दगडाच्या कोरीव आकृतींमध्ये ते घट्ट बसवावयाचे, असे हे तंत्र. त्यातून भिंतीच्या एकाच पातळीवर काळ्या-पांढऱ्या रंगांची नक्षी उमटते. मेलफर्डच्या दक्षिण दर्शनी भागावर हे काम विपुल आहे. आणि याच तंत्राने तेथे अक्षरेही बसविली आहेत.

भिंतींवरील नावे : मध्यवीथीच्या व पक्षवीथींच्या बाह्यभिंतींवर, कठड्याखालून व खिडक्यांच्या वरून, मोठ्या अक्षरांतील लेखांचा पट्टा गेला आहे. लेख लॅटिनमध्ये नसून मुख्यतः त्या काळच्या इंग्रजीत आहेत, म्हणजे गावातील साक्षर माणसाला वाचता यावेत असे आहेत. प्रत्येकाचा आरंभ अमुकाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा या विनंतीने होतो. त्यापुढे कोणाच्या द्रव्यातून कोणते काम झाले, हे हिशेबी काटेकोरपणाने सांगितलेले आहे. रॉजर मोरिएल व त्याच्या दोन पत्नी यांच्या मालमत्तेतून काही कमानींचे काम झाले. दुसऱ्या कोणी एखादी कमान दिली, तर कोणी दोन खिडक्यांना काचा बसविल्या. दिवंगत रेक्टरच्या संपत्तीतून आणखी एका कमानीचा खर्च भागला, अशा या नोंदी आहेत. मृत्युपत्रांची अंमलबजावणी करणारा म्हणून जॉन क्लॉप्टनचे नाव त्यांत पुन्हापुन्हा येते. यावरून चर्च एकट्या धनिकाने बांधविलेले नसून अनेक कुटुंबांच्या देणग्या एकत्र गुंफून ते उभे केले होते, हे स्पष्ट होते.

या लेखांमागे शुद्धिलोकाची (पर्गेटरी) कल्पना होती. पश्चात्तापाने पापक्षमा झालेल्या पण प्रायश्चित्त अपुरे राहिलेल्या आत्म्यांना स्वर्गप्राप्तीपूर्वी तेथे यातना सोसाव्या लागतात आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी, दानधर्माने व विशेषतः मिस्साविधीने त्या यातनांचा काळ कमी होतो, अशी मध्ययुगीन चर्चची शिकवण होती. त्यामुळे मृत्यूने मनुष्याचे गावाशी असलेले नाते तुटत नसे. उलट तो गावाच्या आठवणीवर अवलंबून राही. विस्मृती हीच खरी आपत्ती होती. देणगीदारांची नावे कोरण्यात प्रतिष्ठेचा भाग नव्हता असे नाही. पण त्यांचा मूळ हेतू येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एक प्रार्थना मिळविणे हा होता. ज्यांच्या श्रमावर हा व्यापार चालत होता, त्या कातणाऱ्या-विणणाऱ्यांची नावे मात्र भिंतीवर नाहीत. त्यांची संख्या किती मोठी होती, हे १५२५ मध्ये दिसून आले. आठव्या हेन्रीने फ्रान्सवरील मोहिमेसाठी मागितलेल्या वसुलीमुळे कापडाचे काम थांबले, तेव्हा शेजारच्या लॅव्हनम येथे हजारो बेकार कामगार जमले व राजाला ती वसुली मागे घ्यावी लागली.

क्लॉप्टन चॅन्ट्री : चॅन्सेलच्या उत्तरेस क्लॉप्टन घराण्याचे प्रार्थनामंदिर आहे. मृताच्या आत्म्यासाठी नित्य मिस्सा म्हणण्याकरिता नेमलेल्या पुरोहिताच्या दानसंस्थेस व तिच्या मंदिरास ‘चॅन्ट्री’ म्हणत. येथील छताच्या कडेने फिरणाऱ्या लाकडी पट्टीवर बरी सेंट एडमंड्झच्या मठातील संन्यासी-कवी जॉन लिडगेट (मृ. सु. १४५१) याच्या इंग्रजी रचनांतील कडवी रंगविलेली आहेत. काव्य ग्रंथातून उचलून भिंतीवर, उपासना करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. जमिनीवर घराण्यातील व्यक्तींची पितळी स्मृतिपत्रे बसविलेली आहेत. पूर्वेच्या खिडकीत लिलीच्या झाडावर क्रूसारोपित ख्रिस्त दाखविणारे लहानसे काचचित्र आहे. लिली हे कुमारी मेरीच्या पावित्र्याचे प्रतीक असल्याने ख्रिस्ताच्या जन्माची वार्ता व त्याचा मृत्यू या दोन घटना त्यात एकत्र आल्या आहेत. हा विषय ख्रिस्ती कलेत अत्यंत विरळा आढळतो.

जॉन क्लॉप्टनची समाधी या मंदिराच्या व चॅन्सेलच्या मधल्या भिंतीत, मुख्य वेदीच्या निकट आहे. तिच्यावरील कमानीच्या आतील बाजूस पुनरुत्थित ख्रिस्त तसेच जॉन व त्याची पत्नी यांची चित्रे आहेत. या समाधीचा विधीतील उपयोग विशेष होता. गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या कबरीची प्रतिकृती येथेच मांडली जाई, तिच्याभोवती मेणबत्त्या लावून जागर केला जाई व ईस्टरच्या पहाटे ती उघडली जाई. अशा रीतीने क्लॉप्टनने आपल्या समाधीला वर्षातून एकदा ख्रिस्ताच्या समाधीचे स्थान मिळवून दिले होते. त्या रात्री जागणाऱ्या सर्व गावाला त्याची आठवण होणे अपरिहार्य होते.

काचचित्रे : पंधराव्या शतकातील रंगीत काचेचा मोठा साठा येथे शिल्लक आहे. आरंभी वरच्या खिडक्यांत असलेली दात्यांची चित्रे नंतरच्या काळात खाली आणून मुख्यतः उत्तर पक्षवीथीच्या खिडक्यांत एकत्र करण्यात आली. क्लॉप्टनचे आप्त, स्नेही व राजकीय सहकारी यांची ही गुडघे टेकलेली रूपे असून स्त्रियांची शिरोभूषणे व झग्यांवरील कुलचिन्हे यांमुळे ती पोशाखाच्या इतिहासासही उपयुक्त ठरली आहेत. त्यांपैकी नॉर्फकची डचेस एलिझाबेथ हिच्या चित्रावरून जॉन टेनिएल याला ॲलिस इन वंडरलँड या पुस्तकातील एका चित्राची कल्पना सुचली, असे सांगतात. धार्मिक विषयांत मृत पुत्रास मांडीवर घेतलेली मेरी व राजा सेंट एडमंड ही चित्रे उल्लेखनीय आहेत. उत्तरेकडील दारावरच्या खिडकीत तीन सशांचे छोटे वर्तुळाकार चित्र आहे. तिघांत मिळून तीनच कान असूनही प्रत्येक सशाला दोन कान दिसतात. येथे ते त्रैक्याचे प्रतीक समजले जाते. परंतु हीच आकृती चीनमधील दुनह्वांगच्या बौद्ध गुंफांत कित्येक शतके आधी आढळते.

मेरी-मंदिर : मुख्य वास्तूच्या पूर्व टोकास १४९६ मध्ये बांधलेले कुमारी मेरीचे मंदिर (लेडी चॅपेल) आहे. ते जवळजवळ स्वतंत्र इमारतीसारखे असून त्याच्यावर शेजारी-शेजारी तीन उतरती छपरे आहेत. मध्यभागी स्तंभांनी वेढलेले गर्भस्थान व त्याच्याभोवती फिरण्याची वाट अशी त्याची मांडणी आहे. पॅरिश चर्चला जोडलेली अशी रचना क्वचितच पाहावयास मिळते.

धर्मसुधारणेचा काळ : १५२९ मध्ये तयार केलेल्या यादीवरून चर्चमधील चांदीची पात्रे, भरजरी वस्त्रे, ग्रंथ इ. संपत्तीची कल्पना येते. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, १५३९ मध्ये, बरी सेंट एडमंड्झचा मठ विसर्जित झाला. सहावा एडवर्ड (कार. १५४७–५३) गादीवर आल्यावर प्रॉटेस्टंट सुधारकांचे धोरण कठोर झाले. १५४७ च्या कायद्याने चॅन्ट्री बंद करून त्यांची मालमत्ता राजाकडे घेण्यात आली. शुद्धिलोकाची कल्पना त्याज्य ठरली आणि मूर्ती काढून टाकण्याचे आदेश निघाले. मूर्ती व उपासनेचे साहित्य विकल्याच्या नोंदी मेलफर्डच्या चर्च-वॉर्डनांच्या हिशेबांत आढळतात. राणी मेरीच्या कारकीर्दीत (१५५३–५८) वेद्या व मूर्ती पुन्हा मांडण्यात आल्या आणि पहिल्या एलिझाबेथच्या काळात त्या पुन्हा हटविल्या गेल्या. बारा-तेरा वर्षांत एकाच गावाने एकाच वास्तूत तीन वेळा उपासना-पद्धती बदललेली पाहिली.

या स्थित्यंतराचा मेलफर्डमध्ये एक असामान्य साक्षीदार होऊन गेला. रॉजर मार्टिन (सु. १५२७–१६१५) हा गावातील प्रतिष्ठित कुटुंबातील गृहस्थ शेवटपर्यंत कॅथलिक राहिला. आपल्या बालपणी पाहिलेल्या चर्चचे वर्णन त्याने उतारवयात लिहून ठेवले. वेदीमागील ख्रिस्तयातनांचे सोनेरी कोरीव शिल्प, मेरीची व संतांची कोनाड्यांतील रूपे, सोनेरी ताऱ्यांनी मढविलेले छत, पडदीवरील सज्जातून गुड फ्रायडेला होणारे गायन, पाम संडेची मिरवणूक, सणाच्या रात्री पेटविलेल्या होळ्या आणि त्यांच्या प्रकाशात गरिबांसह सर्वांना दिले जाणारे भोजन यांची त्याने तपशीलवार नोंद केली आहे. काढून टाकलेल्या काही वस्तू त्याच्या घरी होत्या. आपले वंशज त्या एक दिवस चर्चला परत करतील, अशी आशा त्याने व्यक्त केली आहे. ती फळास आली नाही. मात्र इंग्लंडच्या पॅरिशमधील धर्मसुधारणापूर्व जीवनाविषयी आज जे माहीत आहे, त्यात मार्टिनच्या या लहानशा टिपणाचा वाटा फार मोठा आहे. लुप्त वस्तूंपैकी एक मात्र अनपेक्षितपणे परत आली. शय्येवर पहुडलेल्या मेरीसमोर भेटी घेऊन आलेले तीन राजे दाखविणारा चौदाव्या शतकातील संगजिऱ्याचा (अलॅबॅस्टर) शिल्पपट अठराव्या शतकात चॅन्सेलच्या फरशीखाली सापडला. तो आता उत्तर पक्षवीथीत बसविलेला आहे.

बदललेल्या दृष्टीचा प्रत्यय चॅन्सेलमध्येच येतो. क्लॉप्टनच्या समाधीपासून जवळच कायदेपंडित व कॉमन्स सभेचा सभापती सर विल्यम कॉर्डेल (मृ. १५८१) याची संगमरवरी समाधी आहे. मठ गेल्यावर मेलफर्डची जहागीर त्याच्याकडे आली होती. १५७८ मध्ये त्याने मेलफर्ड हॉलमध्ये राणी एलिझाबेथचे स्वागत केले व चर्चसमोर गावातील वृद्धांसाठी आश्रमगृहही स्थापन केले. त्याच्या समाधीवर दूरदर्शित्व, न्याय, संयम व धैर्य या चार सद्‌गुणांच्या मूर्ती आहेत. क्लॉप्टनची समाधी प्रार्थना मागते. कॉर्डेलची समाधी केवळ गुणवर्णन करते. दोन्ही समाध्यांमधील अंतर काही पावलांचे व कालांतर शतकाहून कमी असले, तरी मृतांचे जिवंतांशी असलेले नाते त्या अवधीत पालटून गेले होते.

नंतरचा काळ : १६७० पासून मेरी-मंदिराचा शाळा म्हणून उपयोग होऊ लागला. त्याच्या भिंतीवर रंगविलेली पाढ्यांची तालिका अजूनही दिसते. सु. १७१० मध्ये वीज पडून जुना मनोरा उद्ध्वस्त झाला व १७२५ मध्ये त्याच्या जागी साधा विटांचा मनोरा उभारण्यात आला. तो मूळ वास्तूशी विसंगत वाटल्याने वास्तुविशारद जॉर्ज फ्रेडरिक बॉडली याच्या आराखड्यानुसार १८९८ ते १९०३ या काळात त्याच्याभोवती दगड व फ्लिंट यांचे नवे आवरण चढवून चार शिखरे देण्यात आली. वेदीमागील दगडी शिल्पपट १८७७ मधील आहे. कवी एडमंड ब्लंडेन (१८९६–१९७४) याचे चर्चच्या आवारात दफन झालेले आहे.

मूल्यमापन : इंग्लंडमध्ये याहून प्राचीन व याहून उंच चर्चवास्तू अनेक आहेत. मेलफर्डचे वैशिष्ट्य असे, की येथे वास्तू, तिच्यासाठी पैसा देणारे लोक, तिच्यातील विधी व त्या विधींचा शेवट या चारही गोष्टी एकमेकींच्या साहाय्याने समजतात. भिंतीवरील लेख देणगी सांगतात, काचचित्रे दात्यांचे चेहरे दाखवितात, मार्टिनचे टिपण लुप्त विधी वर्णन करते आणि जमाखर्चाच्या नोंदी त्यांचा अंत सांगतात. सुधारकांनी मूर्ती हलविल्या, परंतु भिंतीत घट्ट बसविलेली फ्लिंटची अक्षरे काढली नाहीत. ती काढावयाची तर भिंतच खणावी लागली असती. ज्या कारणासाठी ती बसविली, ते कारण इंग्लंडच्या अधिकृत धर्मातून नाहीसे झाले. तरीही पाच शतकांनंतर वाटसरू मान वर करून ती नावे वाचतो. आणि विस्मृतीचे भय बाळगणाऱ्या त्या दात्यांची अपेक्षा, त्यांना अभिप्रेत नसलेल्या मार्गाने का होईना, काही प्रमाणात पूर्ण होते.